दशांश अपूर्णांक

ज्या अपूर्णांकाचा छेद १० किंवा १० चा एखादा घात (१००, १,०००, १०,००० इ.) असतो आणि जो छेद प्रत्यक्ष न लिहिता केवळ अंकांच्या स्थानांवरून व्यक्त करतात, त्याला दशांश अपूर्णांक म्हणतात. उदा., ३७/१०० हा अपूर्णांक ०·३७ असा आणि ५ पूर्णांक २३/१,००० ही संख्या ५·०२३ अशी लिहितात. पूर्णांकी भाग व अपूर्णांकी भाग यांच्यामधील टिंबाला दशांश चिन्ह म्हणतात. एककस्थानापासून डावीकडे जाताना प्रत्येक स्थानाची किंमत दसपट होत जाते, तर उजवीकडे जाताना ती एकदशांश होत जाते. त्यामुळे चिन्हाच्या उजवीकडील पहिले स्थान दशांशाचे, दुसरे शतांशाचे व तिसरे सहस्रांशाचे असते. दशांश चिन्हाचे काम एवढेच की, एककस्थान कोठे आहे हे ते दाखविते.

आज ही मांडणी इतकी स्वाभाविक वाटते की, पूर्णांकांसाठी दशमान स्थानमूल्य पद्धती प्रचारात येताच दशांश अपूर्णांकही ओघाने आले असावेत, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. भारतात पूर्णांकांच्या लेखनाची ही पद्धती इ. स. च्या सहाव्या-सातव्या शतकांत पूर्णत्वास पोहोचली होती. परंतु एककाच्या खालची स्थाने व्यवहारात रूढ होण्यास त्यानंतर सुमारे एक हजार वर्षे लागली. ह्या विलंबाचे कारण गणितज्ञांच्या बुद्धीच्या मर्यादेत नसून अपूर्णांकांच्या उपयोगात शोधावे लागते. अपूर्णांक ही पूर्वी स्वतंत्र संख्या म्हणून क्वचितच वापरात असे; तो बहुधा नाण्याचा, वजनाचा, मापाचा किंवा कोनाचा भाग असे आणि त्या प्रत्येकाची विभागणी वेगवेगळ्या पटींनी केलेली असे. दशांश अपूर्णांकांची खरी गरज भासली ती भागाकार व मूळ काढणे या क्रियांत, कारण तेथे बाकी उरली की पुढे काय करावयाचे, हा प्रश्न अटळपणे उभा राहतो.

प्राचीन अपूर्णांक : प्राचीन ईजिप्तमध्ये २/३ हा अपवाद सोडल्यास अंश १ असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेच्या रूपातच सर्व अपूर्णांक लिहीत. बॅबिलोनियात इ. स. पू. सु. २००० ते १६०० या काळात ६० हा पाया असलेली स्थानमूल्य पद्धती प्रचारात होती व तीत अपूर्णांकही पूर्णांकांप्रमाणेच स्थानांनी लिहीत. म्हणजे स्थानमूल्य एककाच्या खाली नेण्याची कल्पना फार जुनी आहे. फक्त तिचा पाया १० नसून ६० होता. ह्या पद्धतीत एककस्थान दाखविणारे चिन्ह नव्हते. तीच अक्षरे १, ६० किंवा १/६० यांपैकी काहीही दर्शवू शकत व त्यांचा अर्थ संदर्भावरून लावावा लागे. बॅबिलोनियातील गणक भागाकार करण्याऐवजी भाजकाच्या व्यस्त संख्येने गुणीत आणि त्यासाठी व्यस्त संख्यांची कोष्टके तयार ठेवीत. उदा., ८ ने भागावयाचे झाल्यास ७/६० व ३०/३,६०० यांच्या बेरजेने, म्हणजे १/८ ने, गुणीत. मात्र ७ या संख्येची व्यस्त संख्या साठांशांत कोठेही संपत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून नेहमीच्या कोष्टकांतून ७ वगळलेला आढळतो. भागाकार कधी संपतो व कधी संपत नाही, हा जो प्रश्न पुढे दशांश अपूर्णांकांच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला, त्याचे हे सर्वांत जुने रूप होय.

साठांशांची ही पद्धती ग्रीक ज्योतिर्विदांनी उचलली. टॉलेमी (दुसरे शतक) यांनी आपल्या ज्योतिषग्रंथात ती वापरली व पुढे भारतीय, अरबी आणि यूरोपीय ज्योतिषात ती स्थिर झाली. अंश, कला व विकला हे कोनाचे आणि तास, मिनिट व सेकंद हे काळाचे विभाग तिचेच अवशेष आहेत. ज्योतिर्विदांजवळ अपूर्णांकांसाठी अशी समर्थ पद्धती आधीच असल्यामुळे त्यांना दशांशांची निकड भासली नाही. व्यापाऱ्यांना ती भासली नाही याचे कारण वेगळे होते.

भारतीय गणितातील अपूर्णांक : भारतीय पाटीगणितात अपूर्णांकाला ‘भिन्न’ म्हणत. अंश वर व छेद खाली लिहिण्याची रीत भारतीयच आहे. त्यांच्यामधील आडवी रेघ अरबी गणितज्ञांनी पुढे घातली. अपूर्णांकाने भागताना भाजकाचे अंश व छेद यांची अदलाबदल करून गुणावे, हा आज शाळेत शिकविला जाणारा नियम ब्रह्मगुप्त (सातवे शतक) यांच्या काळापासून भारतीय ग्रंथांत आढळतो. ही रीत पूर्णपणे अचूक होती. तीत बाकीचा प्रश्नच उद्‌भवत नसे, कारण उत्तर पुन्हा एक अपूर्णांकच असे.

व्यवहारातील मापे मात्र दशमान नव्हती. भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथाच्या प्रारंभीच्या परिभाषेत २० वराटकांची (कवड्यांची) १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म व १६ द्रम्मांचा १ निष्क असे नाण्यांचे कोष्टक दिले आहे. ज्या समाजात २०, ४ व १६ या पटींनी पैशांची विभागणी होत होती, तेथे निष्काचा दशांश किंवा शतांश काढून कोणाचेही काम भागण्यासारखे नव्हते. बाकी उरली की तिला खालच्या मापाच्या पटीने गुणून पुन्हा भागावे, हीच तेथील व्यावहारिक रीत होती.

दशांशांच्या सर्वांत जवळ भारतीय गणित पोहोचले ते वर्गमुळाच्या संदर्भात. ज्या संख्येचे वर्गमूळ पूर्णांकात येत नाही, तिला एखाद्या मोठ्या संख्येच्या वर्गाने गुणून मूळ काढावे व मग त्या मोठ्या संख्येने भागावे, असा नियम श्रीधराचार्यांनी दिला आहे. मोठी संख्या म्हणून १० चा घात घेतल्यास ही दशांशांचीच क्रिया होते. उदा., २ चे वर्गमूळ काढण्यासाठी २ ला १०० च्या वर्गाने, म्हणजे १०,००० ने, गुणले तर २०,००० येतात. त्यांचे मूळ १४१ व काही बाकी येते. १४१ ला १०० ने भागले की १४१/१०० हे उत्तर मिळते. येथे १·४१ असे लिहिण्यास केवळ एका चिन्हाचे अंतर उरले होते.

मराठी व्यवहारगणितातही अपूर्णांकांची अशीच स्वतंत्र व्यवस्था होती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड व अडीच ही तिची पायाभूत मूल्ये असून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी (साडेतिनाचे पाढे) अशी कोष्टके मुलांकडून पाठ करून घेत. हिशेबाच्या लेखनात पाव, अर्धा व पाऊण दाखविण्यासाठी आकड्यापुढे अनुक्रमे एक, दोन व तीन उभ्या रेघा काढीत, त्यामुळे १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड व १॥। म्हणजे पावणेदोन असे वाचले जाई. अर्ध्याचे अर्धे करीत जाणारी ही पद्धती १६ आण्यांच्या रुपयाशी व ४० शेरांच्या मणाशी उत्तम जुळणारी होती. तोंडी हिशेबात ती अत्यंत जलद चाले. तीन किंवा सात जणांत वाटणी करावयाची झाली, की मात्र तिची मर्यादा उघड होई.

चीन व अरबी जग : चीनमध्ये मोजणीच्या काड्या पटावर मांडून गणित करीत व लांबीची तेथील मापे बऱ्याच अंशी दशमान होती. लिऊ ह्वे यांनी इ. स. २६३ मध्ये एका प्राचीन गणितग्रंथावर लिहिलेल्या भाष्यात वर्गमूळ संपत नसेल, तर १०, १०० असे छेद घेऊन क्रिया पुढे चालू ठेवावी, असे सांगितले आहे. मापे दशमान असली म्हणजे अपूर्णांकही आपोआप दशमान होऊ लागतात, याचे हे बोलके उदाहरण आहे. तेराव्या शतकातील छिन ज्यूशाव यांच्या ग्रंथात (१२४७) दशांशांची मांडणी अधिक स्पष्टपणे आढळते.

भारतीय अंकपद्धती अरबी जगात पोहोचल्यानंतर तेथील गणितज्ञांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांपैकी अल्-उक्लीदिसी यांनी दमास्कस येथे इ. स. ९५२-५३ मध्ये हिंदू गणितावर लिहिलेल्या ग्रंथात दशांश अपूर्णांकांचा प्रत्यक्ष उपयोग केलेला आढळतो. १९ या संख्येचे पाच वेळा अर्धे करताना त्यांनी ९·५, ४·७५, २·३७५, १·१८७५ व ०·५९३७५ अशी उत्तरे स्थानांच्या साहाय्याने काढली आणि एककस्थान ओळखण्यासाठी त्या अंकावर एक खूण केली. ही खूण म्हणजे दशांश चिन्हाचे उपलब्ध असलेले एक अतिशय जुने रूप होय.

अल्-समवाल (सु. ११३०–सु. ११८०) यांनी ११७२ च्या आपल्या ग्रंथात ह्या विषयाला तात्त्विक बैठक दिली. २१० ला १३ ने भागताना १६ भाग लागून २ बाकी उरते. येथे न थांबता बाकीला १० ने गुणून पुन्हा भागावे व असे हवे तितके वेळा करावे, म्हणजे १ दशांश, ५ शतांश, ३ सहस्रांश, ८ दशसहस्रांश व ४ लक्षांश मिळतात, असे त्यांनी दाखविले. उत्तर संपत नाही, परंतु प्रत्येक पायरीस ते खऱ्या किंमतीच्या अधिक जवळ जाते, हा विचार येथे महत्त्वाचा आहे. भागाकार म्हणजे एक अचूक अपूर्णांक हा दृष्टिकोन मागे पडून, भागाकार म्हणजे हवी तितकी सूक्ष्मता देणारी क्रिया, हा दृष्टिकोन पुढे आला.

समरकंद येथील उलुगबेग यांच्या वेधशाळेशी संबंधित असलेल्या अल्-काशी (सु. १३८०–१४२९) यांनी १४२४ मध्ये वर्तुळाचा परीघ व त्रिज्या यांचे गुणोत्तर (२π) प्रथम साठांशांत काढले व मग ते १६ दशांश स्थळांपर्यंत बरोबर दिले. १४२७ च्या गणिताची किल्ली या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात त्यांनी दशांशांच्या क्रियांचे पद्धतशीर विवेचन केले. साठांशांची रीत ठाऊक नसलेल्यांनाही सूक्ष्म गणित करता यावे, हा त्यांचा हेतू होता. सर्वसामान्यांसाठी सोपेपणा हे दशांशांचे समर्थन पुढे यूरोपातही केले गेले.

यूरोप : यूरोपात दशांशांचा प्रवेश अनेक वाटांनी झाला. त्रिकोणमितीय कोष्टकांतील अपूर्णांक टाळण्यासाठी रेगिओमाँटेनस (१४३६–७६) यांनी वर्तुळाची त्रिज्या १,००,००,००० मानून ज्या-कोष्टके तयार केली. त्यांतील अंक प्रत्यक्षात सात दशांश स्थळांचेच होते. क्रिस्टोफ रूडॉल्फ यांनी १५३० मध्ये चक्रवाढ व्याजाच्या कोष्टकात पूर्णांक व दशांश यांच्यामध्ये उभी रेघ मारली. फ्रांस्वा व्ह्येत (१५४०–१६०३) यांनी १५७९ मध्ये गणितात साठांशांऐवजी शतांश व सहस्रांश वापरावेत, असे आग्रहाने प्रतिपादन केले.

तथापि दशांशांचा प्रसार सर्वसामान्यांत झाला तो सीमॉन स्टेव्हीन (१५४८–१६२०) यांच्यामुळे. ब्रूझ येथे जन्मलेल्या व काही काळ हिशेबनीस म्हणून काम केलेल्या या अभियंत्याने १५८५ मध्ये लायडन येथे डच भाषेत एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थ ‘दशांश’ असा आहे. ज्योतिर्विद, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, मद्याची पिंपे मापणारे, टांकसाळीचे अधिकारी व व्यापारी यांना उद्देशून ती लिहिलेली होती. व्यवहारात लागणारे सर्व हिशेब अपूर्णांकांशिवाय, केवळ पूर्णांकांच्या नेहमीच्या रीतींनी करता येतात, हे तिचे प्रतिपादन होते. पुस्तिकेच्या शेवटी स्टेव्हीन यांनी शासनांनी नाणी, वजने व मापे दशमान करावीत, अशीही सूचना केली. ही सूचना अमलात येण्यास दोन शतके जावी लागली.

स्टेव्हीन यांचे लेखन काहीसे अवजड होते. प्रत्येक अंकापुढे त्याचे स्थान दाखविणारा वर्तुळातील आकडा ते लिहीत : एककासाठी ०, दशांशासाठी १, शतांशासाठी २ याप्रमाणे. हे आकडे म्हणजे छेदातील १० चे घातांकच होत. ही मांडणी लांबलचक असली, तरी भागाकारात दशांश स्थळे कशी ठरतात, हे तीवरून स्वच्छ दिसते.

दशांश चिन्ह : वर्तुळांकित आकड्यांची जागा एका खुणेने घेतली ती त्यानंतरच्या चाळीस वर्षांत. क्रिस्टोफर क्लाव्हियस यांच्या १५९३ च्या ज्या-कोष्टकांत टिंबाचा वापर आढळतो. लॉगरिथमांचे जनक जॉन नेपिअर (१५५०–१६१७) यांनी १६१७ च्या ग्रंथात टिंब किंवा स्वल्पविराम वापरण्याची शिफारस केली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात टिंब नियमितपणे वापरले आहे. हेन्री ब्रिग्ज (१५६१–१६३०) यांची चौदा स्थळांची लॉगरिथम कोष्टके १६२४ मध्ये निघाली. लॉगरिथमे ही मूलतः दशांश रूपातील संख्या असल्यामुळे नाविक, ज्योतिर्विद व भूमापक यांना दशांश शिकणे भागच पडले. टिंब की स्वल्पविराम, याबाबत मात्र एकमत झाले नाही. ब्रिटन व त्याच्या प्रभावाखालील देशांत टिंब, तर यूरोपच्या बहुतेक भागांत स्वल्पविराम रूढ झाला. वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने २००३ मध्ये दोन्ही चिन्हे ग्राह्य ठरविली.

दशांशांचा भागाकार : दशांशांच्या बेरजेत व वजाबाकीत चिन्हाखाली चिन्ह मांडणे पुरते, भागाकारात मात्र चिन्हाचे स्थान विचारपूर्वक ठरवावे लागते. याच्या तीन पायऱ्या आहेत.

(१) १० च्या घाताने भागणे : भाजकात जितकी शून्ये असतील तितकी स्थळे दशांश चिन्ह डावीकडे सरकवितात. उदा., ४७·३ ÷ १०० = ०·४७३.

(२) पूर्णांकाने भागणे : येथे पूर्णांकांच्या भागाकाराचीच रीत चालते. भाज्यातील दशांश चिन्ह ओलांडताच भागाकारातही ते चिन्ह देतात व भाज्यातील अंक संपले तरी शून्ये घेऊन क्रिया चालू ठेवता येते. उदा., १३·७४ ÷ ६ मध्ये १३ ला ६ ने भागून २ भाग येतात व बाकी १ एकक, म्हणजे १० दशांश, उरते. त्यात ७ मिळवून १७ दशांश होतात. त्यांत २ चा भाग जाऊन ५ दशांश, म्हणजे ५० शतांश, उरतात. त्यांत ४ मिळवून ५४ शतांश होतात व ९ चा भाग जातो. म्हणून भागाकार २·२९ येतो.

(३) दशांश अपूर्णांकाने भागणे : भाज्य व भाजक या दोहोंना एकाच संख्येने गुणल्यास भागाकार बदलत नाही, या तत्त्वाचा येथे उपयोग करतात. भाजक पूर्णांक होईल अशा १० च्या घाताने दोहोंना गुणून मग वरील रीतीने भागतात. स्टेव्हीन यांनी दिलेले उदाहरण ३·४४३५२ ÷ ०·९६ असे आहे. दोहोंना १०० ने गुणल्यास ते ३४४·३५२ ÷ ९६ असे होते. ३४४ मध्ये ९६ चा ३ वेळा भाग जाऊन ५६ उरतात. ५६३ मध्ये ५ वेळा जाऊन ८३, ८३५ मध्ये ८ वेळा जाऊन ६७ व ६७२ मध्ये ७ वेळा जाऊन बाकी शून्य उरते. उत्तर ३·५८७. स्टेव्हीन यांनी स्वतः चिन्हांकडे दुर्लक्ष करून ३,४४,३५२ ला ९६ ने भागले, ३,५८७ हे उत्तर काढले आणि मग भाज्याच्या शेवटच्या अंकाच्या स्थानातून (५) भाजकाच्या शेवटच्या अंकाचे स्थान (२) वजा करून भागाकारात ३ दशांश स्थळे घेतली. दोन्ही रीती एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत.

या क्रियेत दोन बाबतींत नेहमी गोंधळ होतो. पहिली म्हणजे १ पेक्षा लहान संख्येने भागल्यास भागाकार भाज्यापेक्षा मोठा येतो. ६ मी. कापडाचे ०·२५ मी. लांबीचे तुकडे केल्यास २४ तुकडे होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे यात विसंगती वाटत नाही. दुसरी बाब बाकीची. ७·५ ÷ ०·४ ऐवजी ७५ ÷ ४ घेतल्यास १८ भाग जाऊन ३ उरतात; परंतु मूळ उदाहरणातील बाकी ३ नसून ०·३ आहे. भाज्य व भाजक यांना १० ने गुणल्याने भागाकार तोच राहतो, बाकी मात्र दसपट होते.

आवर्ती दशांश : भागाकार चालू ठेवला तर तो संपेलच असे नाही. १ ÷ ८ = ०·१२५ हा खंडित दशांश आहे; १ ÷ ३ = ०·३३३… यात ३ हा अंक अखंड येत राहतो; १ ÷ ७ = ०·१४२८५७१४२८५७… यात सहा अंकांचा गट पुन:पुन्हा येतो. अशा अपूर्णांकांना आवर्ती दशांश म्हणतात. याचे कारण भागाकाराच्या क्रियेतच आहे. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते. म्हणून फार तर सहा पायऱ्यांनंतर आधी आलेली बाकी पुन्हा येते व तेथून सर्व अंक त्याच क्रमाने परततात. अतिसंक्षिप्त रूपातील अपूर्णांकाच्या छेदाला २ व ५ यांखेरीज अन्य मूळ अवयव नसेल तरच दशांश खंडित होतो, कारण १० चे मूळ अवयव २ व ५ हेच आहेत. बॅबिलोनियातील गणकांच्या कोष्टकात ३ ची व्यस्त संख्या सहज मिळे, पण ७ ची मिळत नसे, यामागेही हाच नियम आहे. ६० ला २, ३ व ५ हे मूळ अवयव आहेत. जॉन वॉलिस यांनी १६८५ मध्ये या विषयाची चर्चा केली व कार्ल फ्रीड्रिख गौस (१७७७–१८५५) यांनी १८०१ च्या ग्रंथात आवर्तनातील अंकांच्या संख्येचा सखोल अभ्यास केला. अंशछेदात्मक संख्यांचे दशांश रूप नेहमी खंडित किंवा आवर्ती असते. २ चे वर्गमूळ किंवा π यांसारख्या अपरिमेय संख्यांचे रूप यांपैकी कोणतेच नसते.

नाणी, वजने व मापे : अपूर्णांकांचे लेखन दशमान झाले, तरी मापे जुनीच राहिल्याने दशांशांचा खरा लाभ बराच काळ मिळाला नाही. रशियात १७०४ मध्ये रूबलचे १०० कोपेक करण्यात आले, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९२ मध्ये दशमान डॉलर स्वीकारण्यात आला व फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती सुरू झाली. ब्रिटनमध्ये दशमान नाणी १५ फेब्रुवारी १९७१ रोजी म्हणजे भारतानंतर प्रचारात आली.

भारतात १९५५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै होत. जुन्या पद्धतीत १३ रु. ११ आणे ६ पै यांना ६ ने भागावयाचे झाल्यास रुपयांची बाकी १ हिला १६ ने गुणून २७ आणे व आण्यांची बाकी ३ हिला १२ ने गुणून ४२ पै करावे लागत. उत्तर २ रु. ४ आणे ७ पै. प्रत्येक पायरीला गुणक वेगळा. १३·७४ रु. ना ६ ने भागताना मात्र प्रत्येक पायरीस गुणक १० असतो व तो मांडणीतच अंतर्भूत असल्याने गुणण्याचेही कारण उरत नाही.

संक्रमण अगदी सुरळीत होणे शक्य नव्हते. १ आणा म्हणजे ६·२५ नवे पैसे; परंतु पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे देवघेवीत १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९ व ४ आण्यांचे २५ नवे पैसे धरण्यात आले. रक्कम एकदम दिली तर १६ आण्यांचे १०० नवे पैसे होत, पण एकेक आणा सोळा वेळा दिला तर ९६ च. चिल्लर व्यवहार करणाऱ्यांना, म्हणजे मुख्यत्वे गरिबांना, आसन्न किंमत कोणत्या टप्प्यावर घ्यावयाची, या शुष्क वाटणाऱ्या प्रश्नाचा असा प्रत्यक्ष अनुभव आला. ‘नवा’ हे विशेषण १ जून १९६४ पासून गळले. मेट्रिक वजने व मापे १९५६ च्या कायद्याने मान्य होऊन १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आली व शेर, मण आणि खंडी मागे पडली. महाराष्ट्रात पिकाच्या उत्पन्नाच्या अंदाजाला आणेवारी म्हणत. आण्यांऐवजी पैशांत काढल्या जाणाऱ्या या अंदाजाला पैसेवारी हे नाव मिळाले, तरी आणेवारी हा शब्द बोलण्यात टिकून राहिला. २५ पैसे व त्याहून कमी किंमतीची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली. हिशेबात मात्र रुपयाचे शतांश कायम आहेत.

गणकयंत्रे : बहुतेक इलेक्ट्रॉनीय गणकयंत्रे २ हा पाया असलेली द्विमान पद्धती वापरतात. २ ला २ हाच एक मूळ अवयव असल्यामुळे, दशमान पद्धतीत एका अंकात संपणारा ०·१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत आवर्ती होतो व यंत्राला तो कोठे तरी तोडावाच लागतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडविता आले नाही व २८ सैनिक मृत्युमुखी पडले. ती यंत्रणा काळ सेकंदाच्या दशांशांत मोजी. तोडलेल्या दशांशातील अतिसूक्ष्म चूक सुमारे १०० तासांच्या सलग कामानंतर साचत जाऊन सु. ०·३४ सेकंद झाली होती आणि तेवढ्या अवधीत क्षेपणास्त्र अर्ध्या किमी. हून अधिक अंतर कापते. आर्थिक हिशेबांत अशा चुका टाळण्यासाठी गणकयंत्रांच्या अंकगणिताच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात दशमान रूपांचाही समावेश करण्यात आला. छेदाचे मूळ अवयव पायाच्या मूळ अवयवांत नसतील तर भागाकार संपत नाही, हा नियम मातीच्या विटांवर लिहिणाऱ्या गणकांइतकाच आजच्या यंत्रांनाही लागू आहे. उरलेली बाकी किती स्थळांपर्यंत न्यावयाची आणि कोठे सोडून द्यावयाची, हे दशांशांच्या प्रत्येक व्यावहारिक उपयोगात आधी ठरवावे लागते.